तानू पुतळ्यांच्या बागेत उभी राहिली

निपाणी,
शनिवार, २ फेब्रुवारी १९८५

प्रिय गुणा,

दीड वर्षानं तुला पत्र लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर हसू नकोस. सातवीत गुरुजी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवायचे म्हणून तूच गल्लीभर सांगत फिरायचीस, आता बघ त्या अक्षराची काय दशा झालीय. गुरुवारपासून हे चाललंय. कागद पानाच्या पोत्याखाली दडवून ठेवते, आत्ती परसात गेली, सासूची पाठ फिरली की दोन ओळी खरडते, तिची चाहूल लागली की सूप मांडीवर ओढून विडी वळायला लागते. या तीन दिवसांतल्या विड्या इतक्या सैल झाल्यात की कारखान्यातला चेकर निम्म्या मोडून टाकेल. टाकू दे.

तू रागावली आहेस आणि तुझा राग बरोबर आहे. त्या नागपंचमीचं मी काहीच विसरले नाही. तू दोन दिवसांच्या रजेवर आलतीस, तानूची वेणी घालायला बसलीस आणि तिच्या उजव्या कानामागं तुला तो गुंता लागला, बोराएवढा. तू म्हणालीस, आक्का, ही जट न्हाय, नुसता गुंता हाय, आत्ताच कापून टाकूया. सुपातली कात्री उचललीस. आणि मी, तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन वाढवलेली, मी ती कात्री तुझ्या हातातून हिसकावली. पातं तुझ्या तळव्यातून गेलं. रक्त बघूनसुद्धा माझं तोंड थांबलं नाही. तुला पोर ना बाळ, तुला काय कळतंय, असं मी तुला म्हणाले. तू हाताला रुमाल गुंडाळून, न जेवता, बेळगावची गाडी धरलीस. मी तुझ्यावर चिडले असं तुला वाटलं असणार. मी चिडले नव्हते गं, मी भ्यालते.

तो गुंता कशानं झाला हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तानूला टायफॉइड झाला होता, एकवीस दिवस पोर अंथरुणात. डोक्याला पाणी नाही की फणी नाही. उशाशी माझं सूप, तंबाखूची धूळ उडायची ती तिच्या तेलकट केसांत बसायची. मी विड्या वळत होते आणि तिचे केस गुंतत होते. पोर बरी झाली तेव्हा फणी शिरेना. मी दोन दिवस खोबरेल चोळून सोडवत बसले, तिसऱ्या दिवशी आत्तीनं बघितलं आणि माझा हात धरला. देवीनं बोलावलंय म्हणाली, आता हात लावायचा नाही. हळद लावली, भंडारा लावला, ऊद दाखवला. माझ्या हयगयीला देवीचं नाव मिळालं आणि मला, काय सांगू, जरा बरंच वाटलं. दोष माझ्यावरून निघून गेला होता. आता ती जट मनगटाएवढी झालीय आणि मानेच्या खाली लोंबते. शाळेत पोरं ओढतात म्हणून मी डोक्याला फडकं बांधून पाठवत होते. दिवाळीनंतर आत्तीनं शाळाच बंद केली.

आमच्या घरचं तुला माहीत आहे. मामंजींनी दीक्षा घेतली तेव्हा यल्लम्माची परडी स्वतःच्या हातानं वेदगंगेत सोडली होती. ते गेले आणि वर्षाच्या आत आत्तीनं नवी परडी आणली. आता भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याच भिंतीच्या कोनाड्यात पडद्याआड परडी. तुझे दाजी दोन्हींपुढं हात जोडतात. वखारीत दिवसभर तंबाखूचे बोद पाठीवर वाहणारा माणूस, घरात आल्यावर आईच्या शब्दाला मान वर करून उत्तर देईल तर शपथ.

एक गोष्ट तुला अजून कळवली नाही. मला पाचवा महिना लागलाय. आनंदानं सांगावं अशी ही बातमी, पण दोन मुलगे गेल्यावर आनंद करायलाही भीती वाटते. पहिला आठ दिवसांचा होऊन गेला, दुसरा तर पोटातच. आत्तीनं याचं गणित कधीच मांडून ठेवलंय. पोरीला देवीनं मागितली, आपण दिली नाही, म्हणून पोरं टिकत नाहीत. पोरगी सोडली की हा मुलगा जगणार. वर्षभर ती हे बोलतेय आणि वर्षभर मी म्हणतेय, बघू. ना व्हय म्हणाले, ना न्हाय म्हणाले. सरकारनं कायदा केलाय, पोरगी देवीला सोडली तर तुरुंग, असं युनियनच्या बाईंनी सभेत सांगितलं होतं. त्यावर मी निर्धास्त बसले होते. केवढी शहाणी मी.

तर आता त्या दिवसाचं सांगते. सव्वीस जानेवारीला तुझे दाजी सकाळी उठले आणि म्हणाले, आज सगळी मिळून पुतळ्यांच्या बागेत जाऊ या. मला वाटलं, मी ऐकतेय ते खरं का? लग्नाला दहा वर्षं झाली, या माणसानं मला ऊरसाला सोडून कुठं नेलं नव्हतं. घाटाच्या अलीकडं माळावर ड्रॉइंगचे एक म्हातारे रिटायर मास्तर आहेत, यल्लाप्पा मास्तर, त्यांनी दहा-बारा वर्षं खपून सिमेंटची माणसं उभी केलीत. झेंडावंदनाच्या दिवशी सगळ्यांना फुकट आत सोडतात. तानूला नवा फ्रॉक निघाला. बसमध्ये दाजींनी तिला मांडीवर घेतलं, स्टँडवर फुगा घेतला, माळावर उतरल्यावर तिला खांद्यावर बसवलं. तानू तर वेडीच झाली. मी मागून भाकरीचं गाठोडं घेऊन चालले होते आणि मनात म्हणत होते, सोनुबाई, शेवटी तुझेही दिवस आले. पण जत्रेच्या आधी आठ दिवस बोकडाला कोण हिरवा पाला घालतं आणि का घालतं, हे गावात वाढलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. मी तो विचार झटकून टाकला.

बाग मात्र बघण्यासारखी आहे, गुणा. हिरवळ-बिरवळ काही नाही, नुसता मुरुमाचा माळ, पण त्यावर सगळं गाव उभं आहे. औत धरलेला शेतकरी, त्याचे बैल, आडावरच्या बाया, वस्तऱ्याखाली मान दिलेला म्हातारा, लांग कसलेले पैलवान. आतून लोखंडी सळ्या आणि किलतानाचं गोणपाट, वरून सिमेंट, आणि वर रंग. खुर्चीवर बसलेला पाटील बघून आत्तीनं गडबडीनं डोक्यावर पदर घेतला आणि आम्ही सगळी हसलो. तानूनं पैलवानाच्या नाकपुडीत बोट घातलं. दाजी बोद वाहणाऱ्या हमालाच्या पुतळ्याजवळ जाऊन उभे राहिले, पाठ वाकवली आणि म्हणाले, ह्यो असा वाकला तर दुपारपतोर मोडंल की. ते इतकं मोकळं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो दिवस तिथंच थांबला असता तर किती बरं झालं असतं.

पुढं विडी वळणाऱ्या तीन बाया बसल्या होत्या. मी थबकलेच. आपली मान जशी खाली जाते तशी मान, आपला अंगठा जसा वळतो तसा अंगठा. पण मधलीच्या एका हातात कात्री, दुसऱ्या हातात पान, आणि पत्रा नाहीच. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवल्याशिवाय कोण पान कापतं? एकेक पान एकेका मापाचं होईल. मी आपली मोठ्यानं बोलून गेले आणि मागून आवाज आला, बाई, खरं सांगा, काय चुकलं? पांढरी टोपी, चष्म्याला दोरा, हातावर वाळलेलं सिमेंट. तेच यल्लाप्पा मास्तर. माझी कात्री पिशवीत असतेच, तुला ठाऊक आहे, मी देवळात गेले तरी ती माझ्याबरोबर असते. मी विडीच्या पानाऐवजी झाडाचं एक पान तोडून, त्यावर पत्र्याऐवजी काडेपेटी धरून त्यांना दाखवलं. एवढा शिकलेला माणूस, पण वहीत लिहून घेतलं गं. म्हणाले, बारा वर्षांत हजारो लोक बघून गेले, कुणी बोलले नाही.

मग आम्ही लिंबाखाली जेवायला बसलो. गाठोडी दोन होती, एक माझं, एक आत्तीचं. आत्ती पाणी आणायला गेली होती, दाजी तानूला घेऊन बैलांकडं. चटणी आत्तीच्या गाठोड्यात असेल म्हणून मी ते सोडलं. वर टॉवेल होता. टॉवेलाखाली हिरवा परकर, तानूच्या मापाचा, कोरा. हिरव्या बांगड्या, छोट्या. भंडाऱ्याची पुडी. आणि एका चिंधीत लाल-पांढऱ्या मण्यांची माळ. ते मुत्तू होतं. पोरीला देवीशी लावून देताना गळ्यात बांधतात ते. मी लहानपणी शेजारच्या घरात बघितलं होतं, तू तेव्हा रांगत होतीस.

मी गाठोडं होतं तसं बांधलं. गाठसुद्धा तशीच मारली. मग मी चौघांना भाकरी वाढली. चटणी माझ्याच गाठोड्यात निघाली. मी खाल्लंसुद्धा. घास फिरत होता तोंडात पण आत्तीची नजर माझ्यावर होती. मी दाजींकडं बघितलं तर ते भाकरीकडं बघत होते आणि भाकरीकडंच बघत राहिले. तेव्हा मला कळलं की त्यांना ठाऊक आहे. फुगा, खांदा, फ्रॉक, सगळं त्या माणसानं लेकीचा निरोप घ्यायला केलं होतं. गुणा, मारणाऱ्या नवऱ्याची भीती मला ठाऊक आहे, आपल्या बापाला बघितलंय आपण. पण लेकीला जवळ घेऊन घास भरवणाऱ्या आणि मनातून तिला देऊन बसलेल्या माणसाची जी भीती वाटली, तशी मला कुणाची वाटली नव्हती.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला गेले, चार पावलंच, आणि परत आले तर आत्ती आणि तानू जागेवर नाहीत. दाजी म्हणाले, खालच्या अंगाला गेल्यात. मी धावले. खालच्या अंगाला वडाखाली एक पुतळा एकटाच बसवलाय, जोगतिणीचा. डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, हात पसरलेला, कमरेपर्यंत आलेली जट. आत्तीनं त्या पुतळ्याला भंडारा माखला होता. पायाशी नारळ फोडला होता. आणि शेजारी माझी तानू उभी. डोक्याचं फडकं काढलेलं, जट पुढं घेतलेली, कपाळ भंडाऱ्यानं पिवळं. भोवती दहा-पंधरा बाया जमल्या होत्या आणि एकेक करून पुढं येऊन माझ्या सात वर्षांच्या पोरीच्या पायाला हात लावत होत्या. तानू क्षणभर एका जागी न ठरणारी पोर. ती हलत नव्हती. डोळे समोर, हात खाली, पापणीसुद्धा लवत नव्हती. मी गर्दीच्या मागं उभी होते आणि त्या दोघींत माझी कुठली आणि सिमेंटची कुठली, हे मला कळेनासं झालं.  आणखी सांगते, लपवत नाही. माझेही हात जोडले गेले होते. मी खाली बघितलं तेव्हा ते मला दिसले.

मास्तर आले. ते ओरडले नाहीत. बादलीतलं किलतान पिळलं आणि पुतळ्याच्या तोंडावरचा भंडारा पुसायला लागले, आपण पोराचं तोंड पुसतो तसं. बाया मागं सरल्या. आत्ती म्हणाली, देवीला पुसताय व्हय? त्यावर मास्तर वळले.

"ही देवी न्हाय. ही माझी थोरली बहीण, नागू. मुलगा व्हावा म्हणून आईबापानं हिला सोडली. मग मी झालो. लोकांना लाज वाटावी म्हणून हिला इथं बसवली, तर लोक नारळ फोडत्यात."

आत्ती जराही डगमगली नाही. म्हणाली, "मग पावलीच की देवी. तू उभा हाईस न्हवं?"

 मास्तर परत पुतळ्याकडं वळले आणि पुसत राहिले. पण बाया आत्तीच्या बोलण्यावर माना हलवत होत्या, गुणा. मी गर्दीतून घुसून तानूचा हात धरला आणि तिला वर नेलं. वाटेत ती मला म्हणाली, "आई, मी हलली न्हाय. सगळी माझ्या पाया पडत हुती." तिचे डोळे चमकत होते. पोरीला ते आवडलं होतं. आत्तीपेक्षा, मुत्तूपेक्षा, मला त्याचं भय जास्त वाटलं.

त्यानंतरचे हे आठ दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. दाजींना मी दुसऱ्याच दिवशी वखारीच्या वाटेवर गाठलं आणि सरळ विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. येत्या मंगळवारी पुनव आहे. यल्लम्माच्या डोंगरावर आता पोलीस असतात, म्हणून अलीकडंच एका मळ्यात गुपचूप उरकतात. टेम्पो सोमवारी सकाळी निघणार, आमच्याबरोबर आणखी दोन पोरी आहेत. पूजा तेवढी करायची, पोरगी आपल्याच घरात राहील, असं म्हणाले आणि रडले. पूजा तेवढीच असते सुरुवातीला. पोरगी वयात आली की दारात कोण येऊन बसतं, हे आपल्या गल्लीत कुणाला सांगायला नको. मी म्हटलं, मी पोलिसांत जाईन. ते म्हणाले, जा, आणि पोटातलं गेलं तर मला विचारू नकोस. मी गेले नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी आत्ती शेजारी गेली होती. तानू माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती. मी कात्री घेतली. जटेच्या मुळाशी पातं घातलं, इतकं जवळ की तिच्या कानाची ऊब बोटांना लागत होती. मला ठाऊक आहे की हा तंबाखूचा आणि तेलाचा गुंता आहे. तू सांगितलंस, युनियनच्या बाईंनी सांगितलं, मी स्वतः तो होताना बघितला. कात्री दाबायची एवढंच होतं. आणि तेवढ्यात पोटातलं पोर हललं. पहिल्यांदा. गुणा, इतके दिवस मी त्या हलण्याची वाट बघत होते, आणि ते हललं तेव्हा माझ्या हातातून कात्री गळून पडली. नर्सबाई आहेस, तू म्हणशील पाचव्यात हलतंच. व्हय, हलतंच. पण त्या घटकेला मला असं वाटलं की कुणीतरी आतून माझा हात धरला. माझं डोकं सगळं जाणतं, हात जाणत नाहीत. तीन वेळा परत उचलली आणि तीन वेळा ठेवली.

परवा गुरुवारी सकाळी गल्लीत यल्लाप्पा मास्तर आले. हातात पत्र्याचा कापलेला तुकडा, विचारत आले की ती पत्र्याची चूक दाखवणारी बाई कुठं राहते. आत्तीसमोरच बसले. माप बरोबर आहे का, कोपरा गोल हवा का, असं विचारत राहिले. आत्तीनं त्यांना ओळखलं, पण कारखान्याच्या कामातलं काही विचारतोय म्हणून गप्प बसली. ती चहा ठेवायला उठली तेव्हा मी त्यांना सगळं दोन श्वासांत सांगितलं. ते पत्र्याकडं बघत म्हणाले, "मला कळायला लागल्यापासून नागूची जट आणि घरातली कात्री मी रोज बघितलीय, बाई. शिंप्याचं घर आमचं. सहा कात्र्या हुत्या." मग त्यांनी पत्रा खिशात घातला आणि विचारलं, बेळगावात तुमचं कोण आहे. रंग आणायला त्यांना खडेबाजारात जायचंच आहे.

आत्ता अडीच वाजलेत. पोट दुखतंय म्हणून मी घरी राहिले, आत्ती कारखान्यात विड्या घालायला गेलीय, पाचशिवाय येत नाही. साडेतीनच्या गाडीला मास्तर स्टँडवर उभे असतील, तानूला मी त्यांच्या हाती देणार आणि ते तिला तुझ्या दारापर्यंत आणतील. मी स्वतः का येत नाही, असं तुला वाटेल. मी निघाले तर दाजी आधी तुझंच दार ठोठावतील. मी इथं बसले तर आधी मला विचारतील, आणि मी कोल्हापूर सांगेन, मामाच्या वाड्यातलं बिऱ्हाड सांगेन, मग तेही खोटं निघाल्यावर आणखी एखादं गाव सांगेन. मंगळवारपर्यंत मला तेवढं जमेल. मारतील. मारू देत. तानूला मी सांगितलंय की मावशीकडं शाळा आहे आणि तिथं तुला रोज हलायला मिळेल. ती रुसून बसलीय, तिला पुनवेला जायचं होतं. तिच्या रुसण्याकडं लक्ष देऊ नकोस.

म्हणजे हे पत्र वाचतेस तेव्हा ती तुझ्या दारात उभी असणार, डोक्याला निळं फडकं बांधून. तिला आधी भाकरी दे, सकाळपासून तिनं काही खाल्लं नाही. तिच्या पिशवीत, पाटीच्या खाली, चिंधीत गुंडाळलेली माझी कात्री आहे. तीच, जिनं तुझा तळवा कापला. ती मी नवी धार लावून दिलीय. माझ्यानं झालं नाही गुणा, आईच्यानं झालं नाही, म्हणून ज्या कामासाठी तुला मी घरातून घालवली तेच काम आता तुझ्याकडं धाडतेय. आजच्या आज कर, उद्यावर टाकू नकोस. आणि एक ऐक, मला हसलीस तरी चालेल. तुला भीती वाटत नाही हे मला ठाऊक आहे, पण मला वाटते, आणि ती माझ्याबरोबरच जाईल. म्हणून कापताना मोठ्यानं म्हण की ही जट सोनुबाईनं कापली. तुझं नाव घेऊ नकोस. तानूचं घेऊ नकोस. पोटातल्याला तर अजून नावच नाही. जे काय व्हायचं ते मला एकटीला होऊ दे, माझं नाव नीट घे.

तुझीच,
आक्का